आमचं केरी नेमकं कोणतं? – गोव्यातली नावं, आडनावं आणि त्यांची मुळं

माटोळी

नमस्कार मंडळी. सातवीतल्या लेकीला शाळेतून गृहपाठ मिळालाय: घरच्यांना विचारून आपल्या आडनावाचा अर्थ आणि उगम लिहून आणायचा. तिनं दप्तर टाकल्या टाकल्या विचारलं आणि मी चहा पिता पिता सांगून मोकळा झालो, "आपण मूळचे केरीचे, म्हणून केरकर."

"कुठल्या केरीचे?"

इथे अडलो. गोव्यात केरी तीन. एक फोंडा तालुक्यात, एक सत्तरीत, एक पेडण्यात तेरेखोल नदीच्या मुखाशी. आम्ही तीन पिढ्या म्हापशात. आजोबा नोकरीसाठी इथे आले एवढं ठाऊक आहे, कुठून आले ते कधी विचारलंच नाही. वडील गेले, आता विचारायला वास्कोची आत्या तेवढी उरली आहे. आपलं मूळ गाव कसं शोधायचं? आणि तुमच्याही आडनावांच्या गोष्टी सांगा, लेकीला वाचून दाखवीन.

मांडवीकाठ

आत्याला फोन करा, पण 'आपण कुठले' असं विचारू नका. म्हातारी माणसं त्यावर 'म्हापशाचेच' म्हणतात. असं विचारा: "आमचो नाल्ल खंय वता?" घरचा वर्षाचा नारळ कुठल्या देवाला जातो, लग्नाची पहिली पत्रिका कुठे ठेवतात, मुलाचं जावळ कुठे काढलं. गाव विसरलेल्या घरांतही हे तिन्ही लक्षात असतं.

आणि म्हापशाला जवळ म्हणून पेडण्याचं केरी धरू नका. माणसं पोटासाठी कुठून कुठे जातात.

सुरंगी

लेकीला हे नक्की सांगा: केसरबाई केरकर फोंड्याच्या केरीच्या. जन्म १८९२. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांच्याबरोबरच्या सोनेरी तबकडीत भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. ती यानं आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहेत. केरीच्या बाईचा आवाज तिथवर पोचला, हे वहीत लिहायलाच हवं.

शिगमो

तिन्ही केरींना एक-एक रविवार द्या. जिथली माणसं "अरे, तू अमक्याचो नातू मरे?" म्हणतील ते तुमचं.

जुने_दस्त

माझं आयुष्य जुनी खरेदीखतं आणि नोंदवह्या वाचण्यात गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गावाला 'कर' लावून आडनाव करण्याची रीत कोकणभर आहे, पण गोव्यात ती जितकी दाट आहे तितकी क्वचितच कुठे असेल. फक्त पेडणे तालुका घ्या: पेडणेकर, मांद्रेकर, हरमलकर, मोरजकर, पार्सेकर, तुयेकर, कोरगावकर, धारगळकर, हळर्णकर. तालुक्याचा नकाशाच तयार होतो. फोंड्यात शिरोडकर, बोरकर, प्रियोळकर, माशेलकर, वेलिंगकर, बांदोडकर, खांडेपारकर, कुंडईकर.

'कर' लागताना गावाच्या नावाचं काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. शिरोड्याचा शिरोडकर, बोरीचा बोरकर, केरीचा केरकर, आमोण्याचा आमोणकर, काकोड्याचा काकोडकर: शेवटचा स्वर गळतो. पण पार्सेकर, मांद्रेकर यांचा 'ए' टिकून राहतो. आणि पर्रा या गावाचा पर्रीकर होतो, तो तर या दोन्हींत बसत नाही. जिभेला जे सोपं गेलं ते टिकलं.

दुसरी गोष्ट, जोड आडनावं. सिनाय खांडेपारकर, पै रायकर, शेणवी बोरकर. अशा जोडीत बहुतेक वेळा पहिला शब्द मान किंवा हुद्दा सांगतो आणि दुसरा गाव. कोंकणीचे लेखक शणै गोंयबाब यांचंच पूर्ण नाव पाहा: वामन रघुनाथ शेणवी वर्दे वालावलीकर. जन्म डिचोलीचा, १८७७ चा, पण आडनावात वालावल, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गातलं गाव.

माटोळी, तुमच्या आजोबांची जन्मनोंद शोधा. पोर्तुगीज काळातल्या नोंदींत जन्मगावाबरोबर आईवडिलांचं गाव आणि आजी-आजोबांची नावंही सापडतात. नोंदणी कार्यालयात 'तेओर' मागा, म्हणजे संपूर्ण मजकुराची नक्कल मिळते. नुसत्या दाखल्यावर हे काही नसतं.

खाजन

जुने_दस्त, एक विचारू? आमच्या पणजोबांच्या कागदावर आडनाव 'पोरोब' लिहिलंय आणि आम्ही घरात प्रभू. ही चूक समजायची का?

जुने_दस्त

चूक नाही. लिहिणारा पोर्तुगीज कानानं ऐकत होता आणि पोर्तुगीज अक्षरांत उतरवत होता. आपला 'प्रभू' बोलीत 'परबू' व्हायचा, त्याचा 'पोरोब' झाला. भटाचा 'बोतो', शेणव्याचा 'सिनाय', कामतीचा 'कामोतिम', पैचा 'पोय'. 'श' ला त्यांच्याकडे एक्स हे अक्षर, म्हणून शंकर एक्सनं सुरू होतो आणि आजची मुलं तो 'झंकर' वाचतात. के हे अक्षर ते सहसा वापरत नसत, म्हणून 'कर' सीनं लिहिला जाई. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर हळूहळू सगळं इंग्रजी वळणावर आलं आणि सीचा के झाला. आजोबा एका स्पेलिंगचे, नातू दुसऱ्या स्पेलिंगचा.

मात्र परब आडनावाची सगळी घरं प्रभूंपासून आली असं मी म्हणणार नाही. घरागणिक पाहावं लागेल.

अबोली

या के आणि सीपायी आम्ही दीड वर्ष हेलपाटे घातले. घर बाबांच्या नावावर करायचं होतं. आजोबांच्या कागदावर सी, बाबांच्या आधारवर के, आणि मृत्यूच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. एका कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं, ही तीन वेगवेगळी माणसं आहेत. माझे बाबा त्या दिवशी घरी येऊन काही न बोलता झोपाळ्यावर बसून राहिले. स्वतःच्या बापाचा मुलगा आहे हे कागदानं सिद्ध करायला लागणं फार लागतं माणसाला. शेवटी 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र केलं, तेव्हा काम झालं.

ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी हे आजच तपासून घ्या. कळकळीनं सांगते.

मांडवीकाठ

अबोलीताई, अगदी खरं. आमच्याकडेही तेच झालं होतं.

बार्देशी_आंतोन

मी कळंगुटकडचा. आमच्या घरी मराठी वाचतात, आजोबांना भजनाचं वेड होतं. म्हणून आमच्या, म्हणजे ख्रिस्ती, बाजूचंही लिहितो.

सोळाव्या-सतराव्या शतकात बाप्तिस्मा झाला तेव्हा नाव आणि आडनाव दोन्ही बदललं. आडनाव बहुधा जो धर्मपिता म्हणून उभा राहिला त्याचं, नाहीतर पाद्रीचं मिळालं. त्यामुळे दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या दिवशी गेले तर एक डिसोझा आणि दुसरा परेरा होऊ शकत होता. उलट, आज गोव्यात दोन फर्नांडिस भेटले तर त्यांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही.

आडनावांचे अर्थ मात्र मजेचे आहेत. लोबो म्हणजे लांडगा. कुएल्यो म्हणजे ससा. कार्नेरो मेंढा. लेतांव म्हणजे डुकराचं दूधपितं पिल्लू. परेरा नासपतीचं झाड, ऑलिव्हेरा ऑलिव्हचं, कार्व्हालो ओकचं. फिगेरेदो अंजिराची बाग, सिल्वा जंगल, रिबेरो ओढा, कॉस्टा किनारा. आमच्या वाड्यावर लांडगा आणि ससा शेजारी शेजारी राहतात आणि त्यांच्यात सोयरीकही झाली आहे.

फर्नांडिस, रॉड्रिग्स, मार्टिन्स यांच्या शेवटी जो 'एस' आहे त्याचा अर्थ 'चा मुलगा'. फर्नांदोचा मुलगा तो फर्नांडिस, रोद्रिगोचा तो रॉड्रिग्स.

मूळ मात्र सगळं पुसलं गेलं नाही. कोमुनिदादीत, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या गांवकरीत, गांवकरांचे म्हणजे मूळ हक्कदारांचे 'वांगड' असतात. वांगड म्हणजे मूळ घराण्याची शाखा. आडनाव बदललं तरी वांगड तोच राहिला, कारण 'झोण' म्हणजे गांवकरीच्या उत्पन्नातला वार्षिक वाटा वांगडावरूनच मिळायचा. १५२६ मध्ये अफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं गांवकरीचे रिवाज लिहून काढले, त्यातही गांवकरांचे हक्क मान्य केलेले आहेत. आमच्या घरात आजही सांगतात की आमचे पूर्वज प्रभू. हे सांगताना आजोबांचा आवाज हळू व्हायचा, देवाघरातल्यासारखा.

माटोळी

आंतोनबाब, लेक अर्धा तास हसत होती. तिची जिवलग मैत्रीण कुएल्यो आहे. "म्हणजे ती ससा आणि मी केरी!" उद्या शाळेत दोघी मिळून सांगणार आहेत. मनापासून धन्यवाद. 'चा मुलगा' वाचून मलाही नवल वाटलं. आपल्याकडे मधलं नाव जे काम करतं ते त्यांच्याकडे आडनाव करतंय.

मानकुराद

थोडा मतभेद. 'कर' म्हणजे गावचा रहिवासी हे सगळीकडे लावू नका. मूळ गावात राहणाऱ्याला गावाचं नाव कोण लावणार? केरीत राहणारे सगळेच केरीचे. माणूस केरी सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला केरकर म्हणणार. माझ्या मते 'कर' आडनाव हे गाव सोडल्याची खूण आहे.

बरं, गोव्यात हाक मारताना 'कार' म्हणतात. गोंयकार, भाटकार, शेतकार. मराठीच्या संगतीनं कागदावर 'कर' झालं. तेव्हा मूळ कोंकणी.

मांडवीकाठ

पहिला मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण पूर्ण पटत नाही. पेडण्यात राहणारे पेडणेकर आहेत, शिरोड्यात शिरोडकर आहेत. गांवकरीत ज्यांचा मान होता त्यांनी गावाचं नाव हक्कानं मिरवलं असेल. गाव सोडल्याची खूण आणि गावावरच्या हक्काची खूण, दोन्ही असू शकतं.

दुसऱ्या मुद्द्यावर इथे भांडण नको. पंढरपूरकर, सोलापूरकर गोव्यातून गेलेले नाहीत.

शिगमो

कर की कार, दोघांनाही घरपट्टी भरावी लागते. पुढे चला.

सांजवात

गाव सोडल्याच्या खुणेवरून आठवलं. लोटलीकर, वेर्णेकर, केळशीकर, रायकर, कुडतरकर. ही गावं सगळी साष्टीच्या बाजूची. पण ही घरं आज फोंड्यात, कारवारात, शिर्सीत, शिवमोग्याला, मुंबईत सापडतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा देव नदीपलीकडे नेले. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० च्या सुमारास प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला, रामनाथ लोटलीहून बांदिवड्याला, दामोदर मडगावहून जांबावलीला. देवाबरोबर माणसं गेली. काही थेट घाट उतरून-चढून कर्नाटकात गेली. कोंकणी बोलणारं, कन्नड लिपीत लिहिणारं, चार पिढ्या गोवा न पाहिलेलं घर, आणि दारावर पाटी 'वेर्णेकर'.

माझी आजी शिर्सीची. तिला वेर्ण्याला नेलं तेव्हा ऐंशीची होती. जुन्या म्हाळसेच्या जागी उभी राहून तिनं चपला काढल्या आणि कितीतरी वेळ ती जमिनीकडे पाहत होती.

अबोली

सांजवात, डोळ्यांत पाणी आलं.

सुरंगी

मंगेशीचं आणखी एक. देवाला अभिषेक करणारं घर म्हणून आडनाव अभिषेकी. पंडित जितेंद्र अभिषेकी तिथले. दीनानाथ १९०० साली मंगेशीतच जन्मले, त्यांचे वडीलही अभिषेकीच. पण त्यांनी गावावरून मंगेशकर लावलं. लताबाईंचा जन्म इंदूरचा, आयुष्य मुंबईत, आणि नाव गोव्यातल्या एका वाडीचं जगभर गेलं.

'मंगेश' या नावाची कथा लेकीला सांगा. शंकर वाघ होऊन पार्वतीसमोर आले. ती घाबरून 'त्राहि मां गिरीश' म्हणणार, पण भीतीनं तोंडातून 'मां गिरीश' एवढंच निघालं. मांगिरीशचा मंगेश. भाषेचे जाणकार काय म्हणतील ते म्हणोत, ही गोष्ट सांगत सांगत आम्ही लहानाचे मोठे झालो.

खाजन

गावाची आडनावं झाली. कामाची राहिली. वेळीप: काणकोण-केपेकडे गावचं देवकार्य करणारा. पागी: पाग म्हणजे फेकायचं जाळं, ते टाकणारा. कामत: शेतीशी संबंध. शानभाग: गावचा हिशेब ठेवणारा. दुभाषी: दोन भाषा जाणणारा, म्हणजे राज्यकर्त्यांपुढे आपल्या माणसांचं म्हणणं मांडणारा. देसाई, सरदेसाई, कुळकर्णी तर सगळ्यांना माहीत. नाईक म्हणजे पुढारी, आणि गोव्यात नाईक कितीतरी वेगवेगळ्या समाजांत आहेत, म्हणून आडनावावरून जात ओळखायला जाणारे इथे हमखास फसतात. फसू देत.

मानकुराद

आणि शेणवी म्हणजे शहाण्णव. साष्टी म्हणजे सासष्ट गावं, तिसवाडी म्हणजे तीस. ६६ आणि ३० मिळून ९६. शहाण्णव गावांचे ते शेणवी.

जुने_दस्त

बेरीज बरोबर आहे आणि साष्टी-तिसवाडीचे अर्थही बरोबर. पण बेरीज जुळली म्हणून व्युत्पत्ती जुळली असं होत नाही. शेणवी हा शब्द आदराची पदवी म्हणून लिहिणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाला लावत. आकड्यावरून पदवी तयार व्हायला मधला दुवा लागतो, तो मला एकाही कागदात भेटलेला नाही. गोष्ट म्हणून सांगावी, वहीत 'असे सांगतात' म्हणून लिहावं.

मानकुराद

मान्य. 'असे सांगतात' लिहा.

बार्देशी_आंतोन

नावांकडेही वळूया. आमच्यात मूल ज्या सणाला जन्मलं त्याचं नाव मिळायचं. २४ जूनचा जुआंव, कारण त्या दिवशी सांजांव, म्हणजे संत जुआंवचा सण. २६ जुलैच्या आसपासची सांतान, सांता आनावरून. ८ डिसेंबरची कोंसेसांव. पिएदाद म्हणजे दया, एस्पेरांस म्हणजे आशा. माझ्या मावशीचं नाव रेमेद, म्हणजे औषध, उपाय. आणि खरंच, गावात कुणी आजारी पडलं की पहिलं बोलावणं तिला असे.

झेवियर हे नाव तर गोव्यातल्या प्रत्येक वाड्यावर. हे मुळात नाव नव्हेच, गाव आहे. संत फ्रान्सिस ज्या किल्ल्यात जन्मला त्याचं नाव झेवियर, स्पेनच्या नाव्हारातलं. बास्क भाषेत त्याचा अर्थ नवं घर. म्हणजे फ्रान्सिस झेवियर हाही आपल्यासारखा 'कर'च. तो १५४२ च्या मे महिन्यात गोव्याला आला.

माटोळी

हे अफाट आहे! फ्रान्सिस नवेघरकर!

सांजवात

सणावरून नावं आमच्याकडेही. अष्टमीचा गोकुळदास, एकादशीचा पांडुरंग. आणि देवावरून तर घरोघर: मंगेश, नागेश, दामोदर, रामनाथ. रवळनाथाच्या गावात दर चार घरांत एक रवळू असायचा. नव्या मुलांत आता रवळू सापडत नाही.

शिवाय मूल जगत नसलं की मुद्दाम हलकं नाव ठेवायचे. कोंडो, भिकू, धोंडू. मूल कोंड्यावर ठेवायचं, शेजारणीनं उचलायचं आणि आईनं मूठभर तांदूळ देऊन ते परत विकत घ्यायचं. माझे चुलत आजोबा कोंडो. चार भावंडं गेल्यावर झालेले. ९१ वर्षं जगले. कोणी त्यांच्या नावाला हसलं की माझी पणजी म्हणायची, "त्या नांवान म्हजो पूत उरलो."

अबोली

बायकांच्या नावाबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते. आमच्या आईपर्यंत लग्नात आडनावच नव्हे, नावही बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं नवं नाव लिहायचं. माझी आजी माहेरची चंपा, सासरची सरस्वती. शेवटच्या आजारपणात तिला 'सरस्वती' म्हटलं तर ओ द्यायची नाही. तिच्या धाकट्या बहिणीनं येऊन 'चंपे' म्हणून हाक मारली तेव्हा डोळे उघडले.

मी माझं नाव बदलू दिलं नाही. भटजी आणि सासूबाई दोघंही रुसले. नवऱ्यानं तांदळात माझंच नाव लिहिलं. सासूबाई आता तेच नाव सर्वांत गोड घेतात.

सुरंगी

अबोली, तुझ्या नवऱ्याला माझा नमस्कार सांग.

यातच जोडते: आपल्या गोव्यातल्या थोर गायिकांची आडनावं पाहा. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर. देवळांच्या सेवेत गाणाऱ्या-नाचणाऱ्या कलावंतांच्या गोमंतक मराठा समाजातल्या अनेक घरांत पोरांना बापाचं नाव मिळत नसे, तेव्हा त्यांनी गावाचं नाव घेतलं. बाकीच्या ज्या समाजानं या बायकांना नाव नाकारलं त्याला नंतर त्यांच्या नावापुढे 'गानतपस्विनी', 'सूरश्री' लावावं लागलं. मला वाटतं गोव्यातल्या 'कर' आडनावाचा सगळ्यात मोठा मान याच बायकांनी मिळवला.

कुर्डीची_माती

बरेच दिवस इथे वाचतो, लिहीत नव्हतो. मोगूबाईंचं नाव निघालं म्हणून लिहितो.

मी कुर्डीचा. सांगे तालुक्यात. मोगूबाई कुर्डीकर १९०४ च्या, त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर. आई कुर्डीची, लेकीचं आडनाव आमोण्यावरून. दोन गावं एका घरात गाणं शिकवत होती.

साळावलीचं धरण झालं आणि आमचं गाव पाण्याखाली गेलं. आम्हाला वालकिणी आणि वाडें या गावांत जागा दिली. तेव्हा मी लहान होतो. बापायनं दाराच्या चौकटी उपटून ट्रकात घातल्या एवढं आठवतं. आईनं तुळशीची माती फडक्यात बांधून घेतली.

पावसाळा आणि हिवाळाभर गाव दिसत नाही. मे महिन्यात पाणी ओसरलं की वर येतं. चिखल वाळून भेगाळलेला, झाडांची खुंटं, भिंतींचे पाय, सोमेश्वराचं देऊळ. मोगूबाईंच्या घराचे अवशेषही दाखवतात. त्या दिवसांत आम्ही सगळे जमतो. हिंदू देवळाकडे, ख्रिस्ती कपेलाकडे, आणि जेवताना सगळे एकत्र. ज्याला त्याला आपलं घर कुठे होतं ते बिनचूक सापडतं. मी डोळे मिटूनही आमच्या अंगणात पोचतो. पाऊस सुरू झाला की पुन्हा पाणी.

वर मानकुराद म्हणाले, आडनाव ही गाव सोडल्याची खूण. आम्ही गाव सोडलं नाही, गाव गेलं. माझ्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'जन्मगाव' दुसरंच आहे. अकरा महिने कुर्डी कागदावरच असते, आणि तीही आमच्या नावात. म्हणून मला कोणी घाईत 'कुडीकर' लिहिलं की मी थांबवून दुरुस्त करून घेतो.

मानकुराद

कुर्डीची_माती, माझा शब्द मागे घेतो. यंदा मे महिन्यात येऊ का? वाट दाखवाल?

कुर्डीची_माती

जरूर या. जेवायला थांबायचं.

मांडवीकाठ

या सगळ्याला जोडून एक कामाची माहिती. गोव्यात १९९० पासून नाव आणि आडनाव बदलण्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. स्पेलिंग सुधारायचं असो की आडनाव, आपल्या मनानं आधारवर बदलून भागत नाही, जन्मनोंदीपासून रीतसर सुरुवात करावी लागते. अबोलीताईंच्या बाबांसारखी वेळ येऊ नये म्हणून सांगतो.

माटोळी

मंडळी, उत्तर मिळालं.

काल आत्याला फोन केला. मांडवीकाठ यांनी सांगितलं तसंच विचारलं. क्षणभर पलीकडून काही नाही, मग म्हणाली, "आमचो नाल्ल? विजयादुर्गेक रे. तुज्या आज्यान केन्ना चुकयलो ना." विजयादुर्गा फोंड्याच्या केरीची! मग तिला बोलायला सुरुवातच झाली. आजोबा पायी कुठवर यायचे, होडी कुठे धरायचे, परतताना पानात बांधलेला प्रसाद कसा आणायचे. चाळीस मिनिटं बोलली. तिच्याकडे हे सगळं होतं आणि मी पंचेचाळीस वर्षांत एकदा विचारलं नव्हतं.

रविवारी लेकीला आणि आत्याला घेऊन केरीला जातोय. तेओरसाठी अर्जही केलाय.

जुने_दस्त

छान झालं. फक्त एक ध्यानात ठेवा. विजयादुर्गाही मूळची केरीची नव्हे, ती सांकवाळहून आली. तेव्हा तुमचं घर आधीपासून केरीचं की देवीबरोबर सांकवाळहून आलेलं, हे नुसत्या नारळावरून ठरणार नाही. देवळात महाजनांची, म्हणजे देवस्थानच्या वंशपरंपरागत हक्कदार घराण्यांची, यादी असते, तिच्यात तुमचं कूळ आहे का ते विचारा. नसलं तरी वाईट वाटून घेऊ नका, भाविक म्हणून नारळ देणारी घरंही असतात.

माटोळी

म्हणजे वहीत 'फोंड्याचे केरी, त्याआधी कदाचित सांकवाळ'. लेकीनं 'कदाचित' खाली रेघ ओढली आहे.

आता तिचा पुढचा प्रश्न: आईचं माहेर पार्सेकर. पार्से तरी एकच ना?

मांडवीकाठ

गोव्यात एकच, पेडण्यात. निश्चिंत लिहायला सांगा.